भाग 14 : फेरारीचा गिअर आणि आईची एएमटी

(खट्… खट्…)

आत्ता ऐकलात तो आवाज आमच्या घरच्या दाराच्या कडीचा आहे. मला खरं तर जुन्या फेरारीच्या गिअरचा आवाज ऐकवायचा होता, पण गडचिरोलीत फेरारी कुठून आणू? एमएच-33 पासिंगची फेरारी कोणी पाहिली असेल तर मला मेसेज करा.

तर आजचा विषय आहे मॅन्युअल की ऑटोमॅटिक, आणि तोसुद्धा सेकंड-हँड गाडीच्या भावाच्या बाजूने. दिवाळीत सुट्टीवर घरी गेलो होतो, तेव्हा याच विषयावरून आमच्याकडे चांगलीच जुंपली. त्या भांडणात मी चुकीच्या बाजूला होतो, हे आधीच सांगून टाकतो.

आधी थोडं फेरारीबद्दल. 1989 मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एक नवा गिअरबॉक्स आणला. गिअर बदलताना क्लचचं पेडल दाबावं लागत नव्हतं, स्टेअरिंगमागची पट्टी ओढली की गिअर पडायचा. ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल ती गाडी घेऊन जिंकला. पुढे 1997 मध्ये हीच पद्धत रस्त्यावरच्या एफ-355 मध्ये आली. आतला गिअरबॉक्स साधाच, क्लचही साधाच. फक्त पायाचं आणि हाताचं काम हायड्रॉलिक पंप आणि कॉम्प्युटर करायचे. नवी गाडी घेताना त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावे लागायचे आणि बहुतेक लोक ते आनंदाने मोजायचे. मॅन्युअल घेणारा जुन्या वळणाचा समजला जायचा.

आता आजचा बाजार बघा. 2004 ते 2009 मधली एफ-430 सेकंड-हँड घ्यायला जा. तीन पेडलवाली, स्टीलच्या खाचांमधून खटखट फिरणाऱ्या लिव्हरची गाडी पट्टीवाल्या गाडीपेक्षा कितीतरी महाग, कधी कधी दुपटीच्या जवळ. 599 जीटीबी नावाच्या मॉडेलच्या मॅन्युअल गाड्या जगभरात जेमतेम 30 बनल्या, त्यांच्या किमतीबद्दल तर बोलायलाच नको. अमेरिकेत काही मालक आपल्या पट्टीवाल्या गाडीला पदरचे पैसे घालून क्लचचं पेडल बसवून घेतात!

असं का झालं? एक कारण म्हणजे 2009 मध्ये 458 आली ती फक्त ड्युअल क्लच घेऊन. तिच्यापुढे आधीचा एका क्लचचा ऑटोमॅटिक गिअर धक्के मारणारा वाटायला लागला. माझ्या धंद्यातही हे रोज दिसतं. मधल्या काळातली टेक्नॉलॉजी सगळ्यात लवकर जुनी होते. दुसरं कारण, मॅन्युअल बनल्याच कमी. आणि तिसरं कारण दुरुस्तीचं. क्लच झिजला, पंप गेला की सेटिंग करायला कंपनीचा कॉम्प्युटर जोडावा लागतो, आणि तो जोडणारा माणूस सगळीकडे मिळत नाही.

हे तिसरं कारण लक्षात ठेवा, कारण आता आपण गडचिरोलीत येतोय.

भारतात पहिली स्वस्त एएमटी आली 2014 मध्ये, मारुतीच्या सेलेरिओत. तिची यंत्रणा होती मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीची. फेरारीच्या त्या पट्टीवाल्या गिअरमागेही हीच कंपनी होती. कल्पना तीच आहे. गिअरबॉक्स मॅन्युअल, क्लच प्लेट मॅन्युअलचीच, वर हायड्रॉलिक हात आणि एक कॉम्प्युटर. म्हणजे तुमच्या गल्लीतली एएमटी ही एफ-355 ची दूरची बहीण लागते. धक्केसुद्धा खानदानी आहेत.

तर आमच्या घरी अशीच एक सहा वर्षं जुनी एएमटी हॅचबॅक आहे. कोणत्या कंपनीची ते राहू द्या. घेताना मॅन्युअलपेक्षा 50 हजार जास्त दिले होते, आणि ते आईसाठी दिले होते. आई चामोर्शी तालुक्यात एका शाळेवर शिक्षिका आहे. आधी एसटीने जायची. सकाळची गाडी चुकली की पुढचं सगळं काळी-पिवळीच्या भरवशावर. मॅन्युअल शिकायचा प्रयत्न तिने दोनदा केला. डावा गुडघा दुखतो, क्लच दाबून दाबून सुजायचा, मग सोडून दिलं. एएमटी आली आणि वयाच्या 51 व्या वर्षी आई पंधरा दिवसांत गाडी चालवायला लागली.

52 हजार किलोमीटरला क्लच गेला. चामोर्शीच्या रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकची रांग लागते, हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. त्या रांगेत आई गाडी इंच इंच पुढे घ्यायची, आणि चढ असला की ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवायची. ऑटोमॅटिक आहे ना, मग चालतं, असं तिला वाटायचं. चुकीचं आहे हे तिला आम्ही कोणी सांगितलंच नव्हतं. तशी धरली की क्लच प्लेट घासत राहते आणि जळते. गावातल्या मिस्त्रींनी हात जोडले, गाडी टो करून नागपूरला न्यावी लागली. दीडशेहून जास्त किलोमीटर. सगळे मिळून 31 हजार गेले.

बाबा म्हणाले, "विकून टाकू. इथं कोण घेते ऑटोमॅटिक? बिघडली का नागपूर धरा."

मी इंजिनिअर माणूस, लगेच लॅपटॉप उघडून एक्सेल शीट केली. गडचिरोलीतल्या दलालाने भाव सांगितला 2 लाख 60 हजार. वर म्हणाला, "भाऊ, मॅन्युअल असती तं आत्ता पैसे मोजले असते." चंद्रपुरात 2 लाख 75 हजार. नागपुरात 3 लाख 10 हजार. गाडी तीच, किलोमीटर तेच! नागपुरात ट्रॅफिक आहे म्हणून ऑटोमॅटिकला गिऱ्हाईक आहे, आणि दुरुस्त करणाराही आहे. आमच्याकडे दोन्ही कमी. गाडीच्या भावात तो 50 हजारांचा फरक मिस्त्रीच्या अंतराचा होता.

याच्या उलट उदाहरण बघायचं तर ताडोब्याला मोहर्लीच्या गेटवर जा. तिथली जुनी जिप्सी बघा. मॅन्युअल, पॉवर विंडो नाही, कंपनीने बनवणंही केव्हाच बंद केलं. तरी चांगली जिप्सी स्वस्तात मिळत नाही. सफारीत तिला रोजचं काम आहे आणि ती खोलून जोडणारा माणूस जवळच्या गावात सापडतो.

तर माझी शीट सांगत होती की अजून दोन वर्षं थांबलो तर भाव आणखी पडेल, आत्ताच विका आणि त्याच वर्षाची मॅन्युअल घ्या. ती 3 लाख 15 हजारांना मिळत होती. मी मोठ्या अभिमानाने लॅपटॉप आईसमोर ठेवला. तिने चष्मा लावून सगळं नीट वाचलं आणि विचारलं, "अन् मी शाळेत कशी जाऊ, ते कुठं लिहिलं याच्यात?"

मंडळी, तो कॉलमच नव्हता! इथल्या दलालाला गाडी देऊन, वर 55 हजार घालून, आम्ही आईच्या हातून गाडी काढून घेणार होतो. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "राहू दे. क्लच नवीनच आहे आता."

गाडी ठेवली. आई निवृत्त होईपर्यंत तिचा भाव काय होतो ते मी बघणार नाही असं ठरवलंय. फेरारीवाले लोक गाडी बहुतेक गॅरेजमध्ये ठेवतात, त्यामुळे उद्याचा भाव हा त्यांच्या छंदाचा भाग आहे. आमची गाडी सकाळी साडेनऊला निघते.

आता तुमच्या कामाचं. सेकंड-हँड एएमटी घेताय? एक, आधी विचारा की ही एएमटी आहे, सीव्हीटी आहे, ड्युअल क्लच आहे की टॉर्क कन्व्हर्टर. दलाल सगळ्यांना 'ऑटोमॅटिक' म्हणतो, पण आतलं यंत्र आणि दुरुस्तीचा खर्च पूर्ण वेगळा. दोन, क्लच बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल आणि गाडी 50 हजारांच्या पुढे चालली असेल, तर क्लचचे पैसे भावातून कापून बोला. तीन, गाडी थंड असताना सुरू करून बघा आणि चढावर थांबवून पुन्हा उचला. पहिल्या-दुसऱ्या गिअरला थोडा धक्का बसतोच, पण जळका वास किंवा थरथर आली तर घरी परत या. चार, तुमच्या गावापासून ती दुरुस्त करणारा किती लांब आहे ते आधी शोधा.

आणि ज्यांच्या घरी आहे त्यांनी घरच्यांना आजच सांगा: चढावर गाडी ब्रेकवर धरायची, ट्रकच्या मागे थोडं अंतर सोडून मग एकदम पुढे घ्यायची, जास्त वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रल. आईला हे शिकवायला मला दहा मिनिटं लागली. सहा वर्षांपूर्वी शिकवलं असतं तर 31 हजार वाचले असते.

तुमच्या घरच्या गाडीची गोष्ट व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन ऐकवू. चला, भेटू. काळजी घ्या, आणि ट्रकला ओव्हरटेक करायची घाई करू नका!