मुदतीचा दाखला



आमच्या चंद्रपुरात थंडी उशिरा येते आणि लवकर जाते. पण जेवढे दिवस ती राहते, तेवढे दिवस रस्त्याच्या कडेला लोकरी कपड्यांची दुकाने लागलेली असतात. दोरीवर टांगलेले स्वेटर, खाली मांडलेले मफलर आणि मागे स्टुलावर बसलेली एखादी तिबेटी बाई, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. भाव करताना आपण तिच्याशी हिंदीत बोलतो आणि ती आपल्याला मराठीत उत्तर देते. मग आपण जरा ओशाळतो.

अशाच एका बाईंशी माझी काही वर्षांची ओळख आहे. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला सर म्हणतात. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी मला थांबवले. पिशवीतून प्लॅस्टिकच्या वेष्टनात जपून ठेवलेला एक कागद काढला आणि म्हणाल्या, "सर, यावरची तारीख एकदा नीट वाचून सांगता का? माझा भाऊ म्हणतो मुदत संपली, मला वाटतं अजून आहे."

मी वाचले. मुदत संपायला एकोणीस दिवस होते. तो कागद म्हणजे परकीय नागरिकाचा नोंदणी दाखला. आणि ज्यांच्या नावाने तो होता, त्या ताईंचा जन्म आपल्या विदर्भातला!

आज मला याच कागदाविषयी थोडे बोलायचे आहे. विषय कायद्याचा आहे, पण कंटाळवाणा नाही. कारण हा कागद कुणाच्या तरी घराचा, धंद्याचा आणि मुलांचा प्रश्न असतो.

आपल्या देशात परकीयांच्या नोंदणीचा कायदा १९३९ साली झाला. दुसरे महायुद्ध तोंडावर होते आणि कोण कुठे राहतो, हे सरकारला कळायला हवे होते. पुढे १९४६ साली परकीय नागरिकांविषयीचा दुसरा कायदा आला. इंग्रज गेले, पण हे कायदे आपण ठेवले आणि ते जवळजवळ ऐंशी वर्षे चालले. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या जागी एकच नवा कायदा लागू झाला आहे. कायदा नवा असला तरी मूळ व्यवस्था ओळखीचीच आहे. एकशेऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परकीयाने साधारणपणे चौदा दिवसांच्या आत आपली नोंद करायची. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत चालते. राहण्याची मुदत वाढवून हवी असेल तर ती संपण्यापूर्वी अर्ज करायचा. पत्ता बदलला तर कळवायचे. १९९२ च्या नियमांत तर असेही होते की, नोंदलेल्या पत्त्यापासून सलग आठ आठवडे किंवा त्याहून जास्त काळ दूर राहायचे असेल, तर निघण्यापूर्वी कचेरीला सांगून जावे.

आता आठ आठवडे म्हणजे किती? स्वेटरचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि संक्रांत उलटून गेल्यावर संपतो. म्हणजे ज्या माणसाचे पोट या हंगामावर आहे, त्याचा धंदा आणि त्याचा दाखला यांची गाठ दरवर्षी पडणारच. दुकान चंद्रपुरात आणि मुदतवाढीची कचेरी गोंदियाला, अशी ही ओढाताण.

गोंदियाला का, ते सांगतो. १९५९ च्या मार्च महिन्यात दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले. त्यांच्या मागोमाग हजारो लोक आले. भारत सरकारने निरनिराळ्या राज्यांत त्यांच्या वसाहती वसवल्या. महाराष्ट्रातली वसाहत १९७२ साली नोर्ग्येलिंग या नावाने वसली. ती आहे अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, प्रतापगड आणि गोठणगाव यांच्या परिसरात. इटियाडोहचे धरण तिथून जवळ आणि गडचिरोली जिल्ह्याचे जंगलही जवळ. तेव्हा तो सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तशी दाखल्यावरची कचेरीही बदलली. बर्फाच्या प्रदेशातून आलेली ही माणसे आपल्या झाडीपट्टीत धान लावायला शिकली. मे महिन्यातले ऊन त्यांनी कसे सोसले असेल, याची कल्पना आपल्या बाजूच्या माणसालाच येईल.

या लोकांना आपण निर्वासित म्हणतो. परंतु आपल्या कायद्यात निर्वासित म्हणून वेगळा वर्ग नाही. कायद्याच्या दृष्टीने ते परकीय, म्हणून नोंदणी आली आणि मुदतही आली. ती मुदत पूर्वी थोडी असे, अलीकडे पुष्कळांना जास्त वर्षांची मिळते. परदेशी जायचे झाले तर पारपत्राऐवजी पिवळ्या रंगाचे एक ओळखपत्र मिळते. २०२५ च्या नव्या व्यवस्थेत नोंदणी झालेल्या तिबेटी लोकांना काही अटींवर पारपत्र-व्हिसाच्या सक्तीतून सूट आहे. पण सवलतीचा पाया नोंदणी दाखला हाच आहे. तो गेला की सगळेच डळमळले.

आता ताईंच्या घरातला खरा पेच ऐका. ताईंचा जन्म १९८५ चा, धाकट्या भावाचा १९८९ चा. आई तीच, बाप तोच, गाव तेच. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत जो भारतात जन्मला, तो सामान्यतः जन्मानेच भारतीय. त्या तारखेपासून पुढे मात्र आईबापांपैकी एक जण भारतीय असावा लागतो. म्हणजे बहीण कायद्याने भारतीय आणि भाऊ परकीय! दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली एका तिबेटी तरुणीच्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट मान्य केले आणि २०१६ साली पुन्हा तसाच निर्णय दिला.

मग ताईंनी पारपत्र का घेतले नाही? मीही त्यांना हेच विचारले. त्या हसल्या. २०१७ साली सरकारने अशा लोकांना पारपत्र देण्याची तयारी दाखवली, परंतु काही अटी घातल्या. नोंदणी दाखला रद्द करून घ्यावा, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडाव्यात आणि निर्वासितांच्या वसाहतीत राहू नये. ताई म्हणाल्या, "सर, पारपत्र घेतलं तर आईला कुठं ठेवू? ती वसाहतीतच राहणार. आणि मी भारतीय झाले तर भाऊ काय म्हणेल?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. वर्गात मी नागरिकशास्त्राचे धडे दिले आहेत. पण हा प्रश्न कोणत्या धड्यात बसवावा, ते मला सुचेना.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहू. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली बोलणारी गावे आहेत. पूर्व पाकिस्तानात घरदार टाकून आलेल्या लोकांना १९६४ नंतरच्या काळात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जमिनी देऊन वसवले गेले. खुलना, बारिसाल, फरीदपूर ही नावे तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून येतात. तेही बाहेरून आले, त्यांनीही रान साफ केले. पण भारतीय वंशाच्या माणसाला नोंदणी करून नागरिक होण्याचा मार्ग त्या काळी सोपा होता. मूळ कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांचा रहिवास पुरे होता. पुढे १९८६ च्या दुरुस्तीने तो पाच वर्षे झाला आणि २००३ च्या दुरुस्तीने सात वर्षे. जे आधी आले ते नागरिक झाले, मतदार झाले, सरपंच झाले. जे मागाहून आले, विशेषतः १९७१ च्या मार्चनंतर, त्यांच्या वाट्याला नुसती वाट पाहणे आले. २०१९ च्या दुरुस्तीने बांगलादेश, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना अर्ज करता येऊ लागला. तिचे नियम मात्र ११ मार्च २०२४ ला निघाले. तिबेटी माणूस या यादीत नाही, कारण त्याचा देश यादीत नाही.

आणि नागरिक झाल्यावर कागद संपतात, असेही नाही. या बंगाली गावांतले बरेच लोक नमःशूद्र समाजाचे. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे मुलगा महाविद्यालयात येतो तेव्हा पुन्हा एक कागद कमी पडतो.

अशाच एका गावातला माझा एक जुना विद्यार्थी आज जर्मनीत शिकतो आहे. परवा त्याचा फोन आला. तिथे गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत राहत्या जागेची नोंद करावी लागते, आणि राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवण्यासाठी परकीयांच्या वेगळ्या कचेरीत जावे लागते. तो म्हणाला, "सर, परवाना संपायला दीड महिना आहे आणि भेटीची तारीख अजून मिळत नाही. रात्री झोप लागत नाही हो." त्याचे आजोबा खुलन्याहून येऊन मुलचेऱ्याच्या रानात राहिले, बाप नागरिक म्हणून जन्मला आणि नातू पुन्हा परक्या मुलखात मुदत मोजतो आहे!

आपली मुले आज जगभर आहेत. अमेरिकेत पत्ता बदलला की बहुतेक परकीयांना दहा दिवसांत कळवावे लागते. थायलंडात दीर्घकाळ राहणाऱ्या परकीयाला दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. तेव्हा नोंद करणे म्हणजे आपलाच देश कुणाला छळतो, असे नव्हे. आपल्या हद्दीत कोण राहतो, हे राज्याला माहीत असले पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की, तारखेमागे माणूस असतो, हे कचेरीने आणि शेजाऱ्याने दोघांनीही विसरू नये.

आणि शेजाऱ्याचेही काम असते. आपल्या घरी किंवा संस्थेत परदेशी पाहुणा उतरला, तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत कळवण्याची जबाबदारी यजमानाची असते. वरोऱ्याच्या आनंदवनासारख्या ठिकाणी परदेशी माणसे येतात. खेड्यापाड्यांतही एखादा संशोधक येतो. "आपला पाहुणाच आहे, काय सांगायचं?" असे म्हणून सोडून दिले, तर पुढे त्रास पाहुण्याला होतो. दाखल्याची मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी अर्ज करावा. अर्जाची पोच घ्यावी. पोचपावतीची प्रत मूळ कागदापासून वेगळी ठेवावी. २०१८ पासून व्हिसाची मुदतवाढ आणि नोंदणी यांची पुष्कळशी कामे संगणकावरून होतात. पण ज्याला अर्जाची भाषाच कळत नाही, त्याला यंत्राचा काय उपयोग? तिथे शेजारच्या शिक्षकाने, विद्यार्थ्याने अर्धा तास द्यावा. याला फार मोठा परोपकार लागत नाही.

ताईंचा अर्ज आम्ही दुकानाच्या स्टुलावर बसूनच भरला. "जन्मस्थान" या रकान्यापाशी त्या थांबल्या, मग स्वतःच म्हणाल्या, "गोठणगाव लिहा." खाली "राष्ट्रीयत्व" असा रकाना होता. तिथे काय लिहायचे, ते त्यांना पाठ होते. त्यांनी सांगितले आणि मी "तिबेटी" असे लिहिले. दुसऱ्या दिवशी दुकान भावावर सोपवून त्या गोंदियाला गेल्या, तीन दिवसांनी पोच घेऊन आल्या आणि पुन्हा स्वेटर टांगायला लागल्या.

पुढल्या हिवाळ्यात आपण त्या रस्त्याने जाल, तेव्हा भाव जरूर करा. पण निदान एकदा विचारा, "ताई, गाव कोणतं?" उत्तर ऐकून आपल्याला नवल वाटेल. ते आपल्याच बाजूचे गाव असेल.