सांभाळ आणि शाळा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



तंजावरचे दुसरे सरफोजी राजे म्हटलं की सरस्वती महाल ग्रंथालय डोळ्यांपुढे येतं. आज मात्र मी त्यांच्या लहानपणाबद्दल बोलणार आहे. नातलगाच्या ताब्यात वाढणाऱ्या मुलाचं शिक्षण कसं अडतं आणि कसं सुटतं, हे त्यात स्पष्ट दिसतं.

1787 साली तंजावरच्या तुळजाजी राजांनी अखेरच्या दिवसांत भोसले कुळातला नऊ वर्षांचा मुलगा, म्हणजे सरफोजी, दत्तक घेतला. त्याचा सांभाळ श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याने करावा, अशी त्यांची इच्छा होती. श्वार्ट्झने ती जबाबदारी घेतली नाही. राजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे मुलगा सोपवा, असं त्यानेच सुचवलं. सल्ला रीतीला धरूनच होता. बापामागे चुलत्याने पुतण्याला पाहायचं, हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवावं लागत नाही.

पण हा पुतण्या गादीचा वारस होता, आणि गादी चुलत्यालाही हवी होती. दत्तक शास्त्राला धरून नाही, असा निर्णय पंडितांकडून आला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने अमरसिंहांना गादीवर बसवलं. मुलगा राजवाड्यात जवळजवळ कैदेत राहिला आणि त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. श्वार्ट्झने मद्रासला कंपनी सरकारकडे तक्रारी केल्या. अखेर 1793 साली मुलाला मद्रासला हलवलं आणि तिथे गेरिके या पाद्र्याच्या देखरेखीखाली त्याचं शिक्षण झालं. 1798 मध्ये त्याला गादी मिळाली. कंपनीचा यात स्वार्थ होता. पुढच्याच वर्षी तह करून तिने राज्याचा कारभार काढून घेतला. तरीही एक गोष्ट उरते. मुलगा शिकतोय की नाही, हे विचारणारं घराबाहेरचं कोणी होतं, म्हणून तो शिकला.

राजा झाल्यावर या माणसाने काय केलं? तंजावर राज्यात रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रं, म्हणजे धर्मशाळा, होती. ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी स्वतः उभारलं. 1801 साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला या छत्रांची व्यवस्था लिहून कळवली. छत्रात आलेल्या परक्यांची मुलं पोरकी झाली, तर ती तिथल्या शाळामास्तरच्या हवाली करायची. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, दर चौथ्या दिवशी तेल लावून न्हाऊमाखू घालायचं, लागेल तसं औषध आणि कपडे द्यायचे. ज्या विद्येची आवड असेल ती शिकवायची आणि शिक्षण पुरं झाल्यावर लग्नाचा खर्चही करायचा.

ही यादी नीट पाहा. आधी दाखला आणा, मग जेवा, असं तिच्यात कुठे नाही. मूल कोणाचं, याची चौकशी शाळेच्या आड येत नाही. आणि मूल मोघमपणे ‘संस्थे’च्या नव्हे, तर एका मास्तरच्या हवाली आहे. सांभाळ आणि शाळा यांची फारकत इथे केलेलीच नाही.

आता आपल्या गावात या. आज सांभाळणारे बहुतेक अमरसिंह नसतात. आजी, मामा, मावशी पोटाला चिमटा काढून पोराला शिकवू पाहतात. बीडकडचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पोरं म्हातारीपाशी राहतात. ती म्हातारी नातीचा हात धरून शाळेच्या कचेरीत उभी राहिली की ऐकायला मिळतं: ‘आईवडिलांना घेऊन या.’ ‘जन्माचा दाखला कुठाय?’ ‘आधीच्या शाळेचा दाखला आल्याशिवाय नाव घालता येणार नाही.’

कायदा असं म्हणत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे, तो पालक धरला आहे. कोर्टाने नेमलेला पालक हा त्यातला केवळ एक प्रकार. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम 14). मुदत उलटली म्हणूनही नाही (कलम 15). दुसऱ्या सरकारी वा अनुदानित शाळेत जायचं असेल आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी त्या कारणावरून अडवता येत नाही (कलम 5). घर चालवायला आधार म्हणून महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिच्या कागदांना वेळ लागला, तरी शाळेत नाव घालणं त्यासाठी थांबवायचं कारण नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. नातं हा सांभाळाचा आधार आहे, शिक्षणाची हमी नाही. नातलग वाईट निघाला तर मूल अडकतं, हे तंजावरच्या राजवाड्यात दिसलं. नातलग चांगला पण कागदाविना असला तरी मूल अडकतं, हे आपल्या कचेरीत दिसतं. म्हणून शाळेतली जागा मुलाच्या नावावर हवी, मोठ्यांच्या ऐपतीवर किंवा कागदावर नको.

जूनमध्ये शाळा उघडतील. सभागृहात मुख्याध्यापक असतील, त्यांना विनंती आहे: आधी पटावर नाव घाला, कागद मागून गोळा करा. बाकीच्यांनी एवढंच करावं. आपल्या आळीत आजीकडे किंवा मामाकडे राहणारं मूल असेल, तर त्याचं नाव शाळेत पडलं का, हे विचारा. पडलं नसेल, तर त्या आजीबरोबर स्वतः कचेरीत जा.