लिलाव आणि मतपेटी

(संस्थेच्या जामनेर येथील मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



 कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो 'आजचे राजकारण आणि आपण' असा. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. शिवाय मागच्या बाजूला जेवणाच्या पातेल्यांचा आवाज सुरू झाला आहे, तेव्हा मी फार लांबवणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली. मास्तर म्हटला की निवडणुकीची ड्युटी आलीच. पत्र्याच्या मतपेट्या डोक्यावर घेऊन ओढा ओलांडलेला मी माणूस आहे, आणि पुढे मशिनची पेटी मांडीवर घेऊन एस.टी.त बसलेलाही मीच आहे. मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता केंद्राच्या दारात सर्वांत आधी कोण उभे असते? आपल्या वस्तीतली म्हातारी माणसे. धुवट लुगडे नेसून, चिठ्ठी पदराला बांधून आलेल्या असतात. हे मी प्रत्येक निवडणुकीत पाहिले. म्हणून परवा कॉलेजातला एक मुलगा मला म्हणाला की, "गुरुजी, मत देऊन काय उपयोग? सगळे एकाच माळेचे मणी," तेव्हा मला त्याचा राग आला नाही, पण त्या म्हाताऱ्या आठवल्या.

त्या मुलाचे चुकले असे मी म्हणणार नाही. आपल्या जळगावचेच पाहा. झोपडपट्टीतल्या गोरगरिबांना पक्की घरे मिळावीत म्हणून नगरपालिकेने १९९० च्या दशकात घरकुल योजना काढली. त्या व्यवहाराची फिर्याद दाखल झाली २००६ साली, आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल लागला ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. माजी मंत्री, नगरसेवक, अधिकारी असे ४८ जण दोषी ठरले. पुढे अपिले उच्च न्यायालयात गेली. फिर्याद ते निकाल १३ वर्षे! ज्याच्या नावाने घर निघाले त्या मजुराचा मुलगा एवढ्या वेळात शाळा संपवून स्वतः मतदार झाला असेल. त्याने विश्वास ठेवायचा कशावर?

परंतु बंधू-भगिनींनो, मला आज पुढाऱ्यांविषयी कमी आणि आपल्याविषयी जास्त बोलायचे आहे.

जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. मतदान १५ तारखेला होते. त्याच्या दोन दिवस आधी राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी दोन गावांची निवडणूकच रद्द केली. एक नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि दुसरे आपल्या खानदेशातले, नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी. कारण काय? तर सरपंचपदाचा आणि सदस्यपदांचा जाहीर लिलाव झाला होता. बाजार समितीत जशी कांद्याची बोली लागते तशी गावकऱ्यांसमोर बोली लागली. उमराण्याची बोली २ कोटी ५ लाखांवर गेली, खोंडामळीची ४२ लाखांवर. पैसा मंदिराच्या कामासाठी म्हणून सांगितला गेला. त्याची चित्रफीत बाहेर पडली, आयोगाने अहवाल मागवले आणि निवडणूक थांबवली.

आपण वर्तमानपत्रात हे वाचले आणि हसलो. "काय लोक आहेत!" म्हणालो. मीही म्हणालो. पण त्या रात्री मला झोप आली नाही, त्याचे कारण आज प्रथमच जाहीरपणे सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या मूळ गावी पंचायतीची निवडणूक लागली होती. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्यातली माणसे आज हयात आहेत आणि काही माझ्या नात्यातली आहेत. आमच्या वॉर्डातली जागा राखीव होती. वस्तीतली एक शिकलेली बाई, शेतमजुरी करणारी, उभी राहायला तयार झाली होती. तेवढ्यात गावची बैठक बसली. निवडणूक बिनविरोध करा, भांडणतंटा नको, तुमच्या समाजमंदिराच्या स्लॅबला आम्ही पैसे देतो, आणि सदस्य म्हणून आम्ही सुचवू त्याला घ्या, असा प्रस्ताव आला. त्यांनी सुचवलेला माणूस आपल्यापैकीच होता, पण मोठ्यांच्या सालदारकीत होता. बैठकीत चार शिकलेले होते, त्यांत मी एक. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि मान डोलावली. बाईने अर्ज मागे घेतला. स्लॅब पडला. पाच वर्षांत त्या सदस्याने सभेत एकदाही तोंड उघडले नाही, आणि आमच्या गल्लीची गटार जशी होती तशीच राहिली.

आता मला सांगा, खोंडामळी आणि आमच्या गावात फरक तो काय? तिथे बोली उघड लागली, आमच्याकडे चहा पिता पिता लागली. तिथे पैसा मंदिराला आणि आमच्याकडे बाबासाहेबांच्या नावाच्या समाजमंदिराला. मला तर आमचेच पाप मोठे वाटते.

बिनविरोध या शब्दाची आपल्याकडे फार वाहवा होते. बिनविरोध करणाऱ्या गावाला एवढा निधी देऊ, अशा घोषणा २०२१ च्या त्या निवडणुकीतही ठिकठिकाणच्या लोकप्रतिनिधींनी केल्या. खरोखर सर्वांच्या संमतीने होत असेल तर जरूर व्हावे. पण विरोध करू शकणाऱ्याला घरी बसवून जे होते ते वेगळे. ७३ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागा दिल्या त्या बोलीत भाग घेऊ न शकणाऱ्यांसाठीच ना? ज्याच्याजवळ ४२ लाख नाहीत, त्याच्याजवळ मत आहे. लिलाव झाला की तेही गेले.

हे मत आपल्याला कसे मिळाले याचा विद्यार्थ्यांनी थोडा अभ्यास करावा. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली तेव्हा त्यांचे वय २७ होते. मताचा अधिकार त्या काळी सारा भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलतराव गुलाजी जाधव आपल्या पूर्व खानदेशातून निवडून आले, तेव्हाही बहुसंख्य लोकांना मत नव्हते. ते आले राज्यघटनेच्या कलम ३२६ ने.

आणि ज्यांनी ते आणले त्यांच्याच वाट्याला पहिल्या निवडणुकीत काय आले? १९५२ साली मुंबई उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एक धरली जाई, दुसरी बाद होई. बाबासाहेब काजरोळकरांकडून सुमारे १४ हजार मतांनी पडले आणि त्या मतदारसंघात ७४ हजारांवर मते बाद झाली. मते कुजवण्याचा पद्धतशीर प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणात गेले. अर्ज फेटाळला गेला. पुढे १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत कार्यकर्त्यांनी सुचवले की, आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगा, म्हणजे तुम्ही नक्की निवडून याल. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. ते पडले, अशोक मेहता निवडून आले. ही हकीकत आपण सर्व जण सांगतो. पण स्लॅबच्या बैठकीत बसलो होतो तेव्हा ती मला आठवली नाही, हे कबूल केले पाहिजे.

भन्तेजी समोर बसले आहेत म्हणून एक गोष्ट भीतभीतच सांगतो, चुकल्यास त्यांनी दुरुस्त करावे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या सभेच्या नियमांचा उल्लेख केला होता. विनयपिटकात ते नियम आहेत. संघात मतभेद झाला तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून मत घेत. गुप्त, कानात सांगून आणि उघड असे त्याचे तीन प्रकार. काड्या गोळा करणारा भिक्खू कसा असावा? आवड, द्वेष, मोह आणि भय या चारांच्या आहारी न जाणारा. मी जेव्हा जेव्हा केंद्राध्यक्ष होतो तेव्हा ही चार नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवत असे. त्यातले भय सर्वांत कठीण, हे अनुभवाने सांगतो.

आता मशिनविषयी. तुमच्यातले पुष्कळ जण विचारणार, म्हणून आधीच बोलतो. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी ३ डिसेंबरला कागदी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, ते झाले नाही. शंका घेण्याचा त्या लोकांना अधिकार होता असे माझे मत आहे. परंतु माझा अनुभव असा की, शंका घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना नमुना १७-क माहीत असतो. मतदान संपल्यावर एकूण किती मते नोंदली गेली याचा हिशेब त्यात असतो, आणि त्याची सहीची प्रत मतदान प्रतिनिधीला मिळते. मोजणीच्या दिवशी तो आकडा ताडून पाहता येतो. आमच्या केंद्रांवर दुपारनंतर निम्मे प्रतिनिधी जेवायला गेलेले असत आणि संध्याकाळी प्रत न घेताच घरी जात. दुसऱ्या दिवशी चौकात तेच सर्वांत मोठ्याने बोलत.

तसेच मुदतीचे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आव्हान द्यायचे तर निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. विधानसभा-लोकसभेसाठी ४५ दिवसांत उच्च न्यायालयात. आपण महिनाभर चौकात चर्चा करतो आणि मग वकील शोधतो.

त्या बाईविषयी सांगायचे राहिले. मी निवृत्त झाल्यावर तिच्या घरी गेलो आणि माफी मागितली. तिने चहा दिला. म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तरी आलात." पुढे म्हणाली, "आता माझी सून उभी राहणार आहे. तिला अर्ज भरून द्या. या वेळी बैठकीला जाऊ नका." मी अर्ज भरून दिला आणि बैठकीला गेलो नाही. सून ११ मतांनी पडली. त्या ११ मतांत पैसे घेतलेली घरे कोणती हे तिला ठाऊक आहे, आणि त्यांच्याशी ती आजही बोलते, हे विशेष.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, येत्या रविवारी सकाळी ९ वाजता विहारात आम्ही मतदार यादी घेऊन बसणार आहोत. ज्यांची १८ वर्षे पूर्ण झाली किंवा होत आली त्यांनी नमुना ६ साठी जन्माचा दाखला आणि फोटो आणावा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, त्यामुळे वर्षभर थांबण्याचे कारण नाही. वारलेल्यांची आणि सासरी गेलेल्या मुलींची नावे कोणती ते वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगावे. यादीची अक्षरे फार बारीक असतात, चष्मा विसरू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!