अंगणाची शाळा

भिलाई म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती धगधगती झोतभट्टी. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात पोलादाचे एक नगर वसले. या नगराविषयी जे लिहिले गेले त्यात टनांचे हिशेब पुष्कळ आढळतात. त्याच नगरात तीन-चार वर्षांची मुले सकाळी डबा घेऊन कोठे जातात आणि तेथे दिवसभर काय करतात, हा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही.

वस्तुतः अशा नगरातील शिशुवर्ग ही मोठ्या कुतूहलाची गोष्ट आहे. कारखान्याच्या कामासाठी आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब, ओडिशा अशा दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येथे आली. विदर्भातील माणसांना तर हा मुलूख परका नव्हताच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत या भागाचा कारभार नागपूरहूनच चालत असे. परिणामी एकाच वर्गात बसलेल्या मुलांच्या घरच्या भाषा पाच-सहा. त्यांना फळ्यापुढे मांडी घालून बसवले, तर शिक्षिकेचे अर्धे बोलणे अर्ध्या मुलांच्या डोक्यावरून जावयाचे. परंतु तीच मुले अंगणात पाण्याच्या घंगाळाभोवती बसवली की चित्र पालटते. एकजण ‘पाणी’ म्हणतो, दुसरा ‘पानी’, तिसरा ‘जल’, चौथा ‘नीळ्ळु’, पाचवा ‘वेळ्ळम’. वस्तू एकच आहे, ती हाताला ओली लागते आहे. मग नावे किती का असेनात! भाषा शिकविण्याची याहून सोपी रीत अद्याप कोणाला सापडलेली नाही.

खेळांच्या बाबतीतही तेच. फुगडी आणि लंगडी हे खेळ महाराष्ट्राइतकेच छत्तीसगडचेही, आणि दोन्हीकडे त्यांची नावेही हीच. पोळ्याचा सण दोन्ही प्रांतांचा. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी ओढतात, तर छत्तीसगडच्या ‘पोरा’ सणात मातीच्या चाकांचे बैल मुलांच्या हाती येतात. मुलींना मातीचे जाते आणि चूल-भांडी मिळतात. शिशुवर्गातील मुलांनी त्या आठवड्यात चिखल कालवून स्वतः बैल करावा, तो वाळवावा, त्याचे शिंग मोडले तर पुन्हा बसवावे. तेवढ्यात हाताच्या बोटांची जी तयारी होते, ती पाटीवर शंभर वेळा ‘अ’ गिरवूनही होणार नाही.

लहान मुलाच्या शिक्षणाचे माप महिना नव्हे, वर्ष तर नव्हेच. आठवडा हेच त्याचे खरे माप. चार वर्षांच्या मुलाला ‘काल’ आणि ‘उद्या’ यांतील भेदही नीटसा कळत नाही. त्यातून हिंदी भाषेत या दोन्हींना ‘कल’ हा एकच शब्द, म्हणजे भिलाईतील मराठी मुलाची अडचण दुप्पट! अशा मुलाला काळाची ओळख करून द्यावयाची ती पंचांग दाखवून नव्हे. सोमवारी मूठभर मटकी त्यानेच पाण्यात भिजत घालावी. मंगळवारी ती फुगलेली त्याने पाहावी आणि फडक्यात बांधावी. बुधवारी फडके सोडताच पांढरे मोड दिसतात. त्यांतील बरीचशी मटकी गुरुवारी मुलांच्या पोटात जाते. दहा-बारा दाणे मात्र अंगणाच्या कोपऱ्यात मातीखाली जातात. शुक्रवारी तेथे काहीच दिसत नाही. एखादा अधीर मुलगा माती उकरून पाहतोच, आणि चांगली शिक्षिका त्याला उकरू देते. शनिवारी वर्ग पाणी घालून घरी जातो. पुढील सोमवार-मंगळवारी मुले येतात तो मातीतून वाकलेली हिरवी मान वर आलेली असते. आठवडा म्हणजे काय, हे त्या मुलाला आता कोणी वेगळे सांगावे लागत नाही. आणि उकरलेला दाणा मागे का राहिला, हाही प्रश्न त्याचा तोच विचारतो.

पावसाळ्यात अंगणात साचलेल्या डबक्याभोवती खडूने रेघ ओढावी, उघडीप पडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढावी. डबके आत आत सरकत जाते आणि पाणी गेले कोठे, यावर वर्गात जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते. उन्हाळ्यात मात्र छत्तीसगडच्या उन्हापुढे कोणाचे चालत नाही. बाहेरचे काय ते काम सकाळी लवकर उरकून घ्यावे लागते. सहलीचे ठिकाण म्हणून भिलाईत १९७२ साली उभारलेली मैत्रीबाग आहे. वाघ पाहून आलेली मुले आठवडाभर वाघच होतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तथापि वर्षाकाठी एकदा वाघ दाखवून भागत नाही. रोजच्या अंगणातील मुंगी हीच शिशुवर्गाची खरी सहल होय.

नगरातील वस्त्यांत आणि भोवतालच्या खेड्यांत अशा लहानग्यांच्या वर्गाला आज एकच नाव आहे, अंगणवाडी. हिंदी भाषिकही तेच म्हणतात, तेलुगू भाषिकही तेच म्हणतात. देशभर रुळलेल्या या शब्दाचे श्रेय दिले जाते ते अरबी समुद्राच्या काठी, डहाणू तालुक्यात झालेल्या एका प्रयोगाला.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालचा. पदवीधर झालेल्या या विदुषी राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपदावर होत्या. ती मानाची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर काढले होते, आणि माँटेसरीबाईंच्या विचारांना गुजरातच्या मातीत रुजविण्याचा त्यांचा उद्योग चालला होता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाले. येथवरची कथा शहरातील सुशिक्षित घरांची आहे. या बालमंदिरांतील साधने सुंदर होती, पण महाग होती, आणि गरिबाच्या मुलाला त्यांचे दर्शनही दुर्लभ होते.

१९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. बालवयातच वैधव्य आलेल्या या बाईंनी शिक्षिकेचा पेशा पत्करला होता. बोर्डीला आल्या तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या आणि पुढे आयुष्याच्या अखेरपर्यंत या कामाशी जोडलेल्या राहिल्या. बालवाडी तर निघाली. पण जिच्यासाठी काढली ती गरीब वस्त्यांतील मुले तेथे येईनात. अशा वेळी पालकांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले आणि बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणातच नेली. आधी मुलांचे हातपाय धुवावयाचे, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. दाराशी उभ्या असलेल्या आया हे सारे पाहत असत, आणि त्यामुळे शाळा एका वेळी दोन पिढ्यांची होई.

अंगणात गेल्यावर साधनांचा प्रश्नही आपोआप सुटला. शिंपले, खडे, चिंचोके, पाने, काड्या, माती यांना पैसे पडत नाहीत. लहान-मोठा, जड-हलका, गुळगुळीत-खरखरीत हे भेद शिकण्यासाठी परदेशी ठोकळे हवेतच असे नाही, हे त्या अंगणात सिद्ध झाले. यात माँटेसरीबाईंचा अवमान नव्हता. त्यांचेही पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीतच उघडले होते. आईबाप कामावर गेल्यावर मुले मागे मोकाट फिरतात आणि चाळींच्या भिंती खराब करतात, ही घरमालकांची तक्रार त्याच्या मुळाशी होती! लंडनच्या डेप्टफर्ड भागात मार्गारेट मॅकमिलन यांनी १९१४ साली उघड्या हवेतील शिशुशाळा काढली, तीही कोंदट घरांत खंगणाऱ्या मुलांसाठी. बालशिक्षणाचा विचार जेव्हा जेव्हा पुढे सरकला, तेव्हा तेव्हा तो गरिबाच्या दारावरून गेलेला आहे. श्रीमंत शाळांनी तो नंतर उचलला आणि त्याची फी ठरविली.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आले. हा प्रदेश वारल्यांचा. आता तो पालघर जिल्ह्यात मोडतो. येथे अडचण निराळी होती. सात-आठ वर्षांची मुलगी घरी धाकट्या भावाला सांभाळी, आणि मुलगा गुरांमागे रानात जाई. म्हणजे शाळेत यावयाचे तर एकीच्या कडेवर मूल आणि दुसऱ्याच्या हाती गुरे! कोसबाडने दोघांनाही तसेच स्वीकारले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांना ‘विकासवाडी’ हे नाव दिले. बहिणीने भावाला पाळणाघरात ठेवावे आणि शेजारच्या वर्गात बसावे. गुराख्यांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. गुरे चरताहेत, शिक्षक झाडाखाली बसला आहे आणि मुले एक डोळा गुरांवर ठेवून मोजदाद शिकताहेत, ही कल्पना कागदावर कविकल्पना वाटावी. कोसबाडला तो नित्यक्रम होता.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. अनुताईंनी ते पाहिले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्या गेल्या.

आज देशात अंगणवाड्यांची संख्या चौदा लाखांच्या घरात आहे. शब्द सर्वत्र पोहोचला, अंगण मात्र बरेच ठिकाणी वाटेत गळून पडले. कित्येक केंद्रे भाड्याच्या एका खोलीत भरतात. तेथे पोषण आहार शिजतो, वजने होतात, नोंदवह्या भरतात, आणि मुले भिंतीला पाठ लावून बसलेली असतात. दुसऱ्या बाजूला, खर्च करू शकणाऱ्या घरांची मुले ज्या शिशुवर्गांत जातात तेथे अंगण असूनही उपयोग नसतो, कारण साडेतीन वर्षांच्या मुलाने वहीत शंभरापर्यंत आकडे काढावेत असा पालकांचाच आग्रह असतो. एकाला अंगण नाही आणि दुसऱ्याला ते वापरावयाची परवानगी नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये पहिलीपूर्वीची तीन वर्षे शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरली आणि खेळातून शिकण्यावर भर दिला, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु या धोरणामुळे चार वर्षांच्या मुलाच्या पाठीवरील दप्तर तेवढे लवकर आले, असे होता कामा नये. शाळा या शब्दाचा अर्थ बाक आणि फळा एवढाच धरला, तर नेमके तेच होईल.

जागेची सबब फार मोठी नाही. कोसबाडला तरी आयते काय मिळाले होते? भाड्याच्या खोलीतील वर्गालाही आठवड्यातून दोनदा बाहेर पडता येते. एखादे दिवशी कुंभाराचे चाक पाहावे, एखादे दिवशी आठवडी बाजारात भोपळा मोठा की कलिंगड मोठे याचा निवाडा करावा, फाल्गुनात पळसाखाली पडलेली केशरी फुले वेचावी आणि ती पाण्यात टाकून रंग उतरताना बघावा. रस्त्याची भीती वाटत असेल तर त्यालाही एक जुना तोडगा आहे. सुताची एक लांब दोरी घ्यावी आणि तिला हात-दीड हाताच्या अंतराने गाठी माराव्या. प्रत्येक गाठ एका मुलाची. पुढच्या टोकाला सेविका, मागच्या टोकाला मदतनीस, आणि मध्ये वीस मुलांची ती लांबलचक आगगाडी शिट्या वाजवीत बाजाराकडे निघते.