झाशीचा उन्हाळा आणि संगणकाची चकती

अठराव्या शतकात सुभेदारांबरोबर जी दक्षिणी घराणी झाशीस येऊन स्थायिक झाली, त्यांच्यापैकी एखाद्या घरातील मोडी कागद व जुनी छायाचित्रे आज संगणकात उतरवलेली असतील, तर त्या यंत्राची निगा ही किरकोळ बाब उरत नाही. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौज शहरात शिरली, तेव्हा तेथील ग्रंथसंग्रहाची कशी धूळधाण झाली, हे विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' या ग्रंथात नोंदवले आहे. त्या नाशास निदान शत्रू तरी लागला. संगणकातील दप्तर बुडवण्यास आळस पुरतो.

मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि लू आपल्याबरोबर धूळ घेऊन येते. ही धूळ चकतीच्या बंद डबीत सहसा शिरत नाही. ती पंख्यावर आणि हवेच्या झरोक्यांत साचते, त्यामुळे आतील उष्णता आतच कोंडते. म्हणून यंत्र बंद करून, वायर काढून, मऊ कुंचल्याने पंखा व झरोके अधूनमधून साफ करावेत.

जुन्या पद्धतीची चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि वाचन करणारे टोक तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. लिहिणे चालू असता वीज गेली, तर किर्द एक सांगते व खतावणी दुसरेच, अशी अवस्था होते. हा घोळ विंडोजमधील 'चेक डिस्क' बहुधा निस्तरते. पृष्ठभागच बिघडला असेल, तर मात्र ती खराब जागा वगळून ठेवण्यापलीकडे तिला फारसे करता येत नाही. तेथील मजकूर परत येईलच असे नाही. यूपीएसचा खर्च ज्यांना जड वाटतो, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. दुरुस्ती करणारी आज्ञा चकतीवर स्वतः लिहिते. तेव्हा आधी सारे कागद दुसऱ्या चकतीवर उतरवावेत, मग दुरुस्तीस हात घालावा. पुष्कळ लोक नेमके उलट करतात. चकतीतून टकटक ऐकू येऊ लागली, तर कसलीही तपासणी न करता यंत्र तत्काळ बंद करून ते जाणकाराकडे न्यावे. नव्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते. विखुरलेला मजकूर सलग लावण्याची जुनी प्रक्रिया तिच्यावर करू नये, आणि ती जाताना टकटकही करत नाही.