जनुकाचें मौन

श्रोतेहो, आजच्या विषयाचें नांव ऐकून मी कोणी मोठा शास्त्रवेत्ता आहें असा समज कोणीं करून घेऊं नये. मी जुना मॅट्रिक. सारी हयात मुलांना गणित व शास्त्राचीं मूळतत्त्वें शिकविण्यांत गेली. पिकांवरील किडीचा प्रश्न माझ्या घरांत शिरला तो पुस्तकाच्या वाटेनें नव्हे, तर यवतमाळ जिल्ह्यांत कपाशी करणाऱ्या माझ्या पुतण्याच्या वाटेनें. ती हकीकत मागाहून सांगेन. आधीं एका फुलाची गोष्ट ऐका.

अमेरिकेंत रिचर्ड जॉर्गेन्सेन व कॅरोलिन नापोली हे संशोधक पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग अधिक गडद करण्याच्या खटपटींत होते. रंग तयार करविणारें जनुक त्या झाडांत मूळचेंच असतें. त्याची आणखी एक प्रत झाडांत घातली म्हणजे रंग अधिक खुलेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. प्रत्यक्षांत अशा झाडांपैकीं शेंकडा ४२ झाडांना पांढरीं किंवा पांढऱ्या पट्ट्यांचीं फुलें आलीं! बाहेरून घातलेलें जनुक तर मुकें झालेंच, पण झाडाचें स्वतःचें जनुकहि त्याच्याबरोबर मुकें झालें. १९९० सालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली, तेव्हां तिचा उलगडा कोणालाच नीटसा होईना.

तो उलगडा एका कृमीनें केला. हा कृमि लांबीला जेमतेम एक मिलिमीटर. १९९८ सालीं अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनीं त्याच्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले आणि २००६ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचा शोध समजण्यासाठीं आपण एकादी सरकारी कचेरी डोळ्यांपुढें आणूं. मूळ दप्तर तिजोरींत बंद असतें. तें कोणी बाहेर काढीत नाहीं. कारकून त्यांतील हव्या त्या पानाची नक्कल करून बाहेर पाठवितो आणि त्या नकलेबरहुकूम काम होतें. सजीवांच्या पेशींतहि असेंच चालतें. जनुक हें तिजोरींतलें पान. त्याची नक्कल म्हणजे आरएनए नांवाचा एकेरी धागा. आणि त्या नकलेवरून घडतें तें प्रथिन. आतां पेशींत एकेरीच्या जागीं दुहेरी धाग्याचा आरएनए आढळला, तर पेशीला तत्काळ संशय येतो. कारण कित्येक विषाणूंची ती खूण आहे. कात्रीसारखें एक प्रथिन त्या धाग्याचे सुमारें २१ अक्षरांचे तुकडे करतें. दुसरें एक प्रथिन त्यांतला तुकडा पकडवॉरंटासारखा हातीं घेऊन पेशीभर हिंडतें, आणि ज्या नकलेंत तीं अक्षरें जुळतील ती नक्कल फाडून टाकतें. मूळ दप्तर शाबूत राहतें, परंतु त्याचा हुकूम बाहेर पोंचतच नाहीं. यालाच जनुकाचें मौन म्हणावयाचें.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट आढळून आली. असा दुहेरी धागा तयार करणारे जंतु त्या कृमीला नुसते खावयास घातले, तरीहि त्याचें तें जनुक मुकें होई. सुई नको, शस्त्रक्रिया नको. अन्नांतूनच निरोप पोंचला. मग ज्या पिकावर कीड जगते, त्या पिकालाच असा धागा तयार करावयास कां शिकवूं नये? पुढील सारा खटाटोप या एका प्रश्नांतून निघाला आहे.

अमेरिकेच्या मध्यभागांत मैलोगणती मका असतो. त्याचा मोठा वैरी म्हणजे मुळें खाणारी एका भुंगेऱ्याची अळी. भुंगेरा उन्हाळ्याच्या अखेरीस मक्याच्या शेतांत, जमिनींत अंडीं घालतो. अंडीं हिंवाळाभर मातींत पडून राहतात आणि पुढल्या हंगामांत अळ्या निघून मुळें कुरतडतात. मग वाऱ्यासरशीं ताटें आडवीं होतात. शेतकऱ्यांनीं साधी युक्ति केली. एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन. म्हणजे अळी निघाली तरी उपाशी मरेल. कांहीं वर्षें ही मात्रा चालली. पण इलिनॉय व इंडियाना प्रांतांत १९९०च्या दशकांत असें दिसूं लागलें, कीं भुंगेरे सोयाबीनच्याच शेतांत अंडीं घालीत आहेत, जणूं पुढल्या वर्षीं तेथें मका येणार हें त्यांना ठाऊक आहे! पुढें २००३ पासून बीटी जंतूचें विष ज्याच्या मुळांतच तयार होतें असा मका आला. तर २००९ सालीं आयोवांत तोहि पचविणाऱ्या अळ्या सांपडल्या. किडीला कमी लेखणाऱ्यानें या अळीचें चरित्र अवश्य वाचावें.

म्हणून मौनाच्या उपायाकडे शास्त्रज्ञ वळले. २००७ सालीं प्रयोग यशस्वी झाल्याचें प्रसिद्ध झालें. आज जें बियाणें विकलें जातें, त्यांत अळीच्या 'स्नफ्-७' नांवाच्या जनुकांतील २४० अक्षरांशीं जुळणारा दुहेरी धागा मका स्वतः तयार करतो. हें जनुक पेशींतील अंतर्गत वाहतुकीला अत्यावश्यक असतें. तें मुकें झालें, कीं अळीची वाढ खुंटते व कांहीं दिवसांत ती मरते. बीटीच्या विषापेक्षां हें काम सावकाश होतें, म्हणून दोन्ही एकाच बियाण्यांत घातलीं आहेत. अमेरिकन सरकारनें २०१७ सालीं मान्यता दिली. शेतकऱ्यांच्या हातीं बियाणें येण्यास २०२२ साल उजाडलें.

माझ्यासारख्या जुन्या माणसाला यांतील जी गोष्ट मोहविते, ती म्हणजे नेम. फवारणीचें औषध वैऱ्याला मारतें, तसें मधमाशीलाहि मारतें; फवारणाऱ्या गड्याच्याहि जिवावर बेततें. यवतमाळांत २०१७ सालीं काय झालें, तें श्रोत्यांच्या स्मरणांत असेल. येथें मात्र अक्षरें जुळल्याखेरीज वॉरंट लागू होत नाहीं. तपासांत या धाग्याचा परिणाम भुंगेऱ्यांच्या एका उपकुलापुरताच दिसला. मधमाशीला अपाय झाला नाहीं. आपण तर प्रत्येक घांसाबरोबर कोठला ना कोठला आरएनए गिळतच असतों, आणि पोटांतले रस त्याचा निकाल लावतात.

येथवर सारें गोड वाटतें. परंतु २०१८ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. संशोधकांनीं या मक्यावर तगलेल्या अळ्या निवडून पिढ्यान्‌पिढ्या वाढविल्या, तेव्हां त्यांना न जुमानणारा वाण निपजला. त्या अळ्यांनीं 'स्नफ्-७'चीं अक्षरें बदललीं नव्हतीं. त्यांच्या आंतड्याच्या पेशी दुहेरी धागा आंत घेईनाशाच झाल्या होत्या. म्हणजे निरोप खोटा ठरविला असें नव्हे, तर टपालाचें दारच लावून घेतलें. मग दुसऱ्या जनुकाच्या अक्षरांचा धागा देऊन काय उपयोग? तोहि त्याच दारावरून परत जाणार, आणि प्रयोगांत तसेंच झालें. ही हकीकत प्रयोगशाळेंतली आहे, हें खरें. पण प्रयोगशाळेंत जें एकदां घडलें, तें शेतांत घडणारच नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

आतां पुतण्याची गोष्ट. बीटी कपाशी आपल्याकडे २००२ सालीं आली आणि २००६ सालीं दोन जनुकांची आली. ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमचें एक लहान पाकीट मिळे. त्यांत साध्या कपाशीचें बियाणें. तें शेताच्या कडेनें पेरावयाचें, कां, तर तेथें साध्या बोंडअळ्या सुखानें वाढाव्यात, आणि विष पचविणाऱ्या विरळा पतंगाचा जोडा त्यांच्याशीं जमून पुढली पिढी पुन्हां हळवी निपजावी. एका जूनमध्यें तें पाकीट मला पडवींत तसेंच पडलेलें दिसलें. मीं विचारलें, तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, तें फुकटचें आहे. किडीसाठीं कोण पेरतो?" मीं आयुष्यभर मुलांना निसर्गनिवड शिकविली होती. पण मी हंसलों आणि गप्प बसलों.

गुजराथेंत एका जनुकाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचें २०१० सालीं जाहीर झालें. पुढें दोन जनुकेंहि तिला पुरेनाशीं झालीं. २०१७च्या हंगामांत पुतण्याच्या पऱ्हाटींत डोमकळ्या दिसूं लागल्या. बोंड फोडून त्यानें माझ्या हातावर ठेविलें. आंत सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा पडलेला. दोष एकट्या पाकिटाचा नव्हे; उन्हाळ्यापर्यंत फरदड ठेवून आम्हीच त्या अळीला वर्षभर जेवूं घातलें. पण त्या दिवशीं पुतण्यानें मला एवढेंच विचारलें, "काका, तुम्हांला तेव्हां माहीत होतें कां हो?" मला खोटें बोलतां आलें नाहीं.

मौनाचा उपाय कपाशीला कधीं मिळेल, असें तो आतां विचारतो. शांघायच्या संशोधकांनीं २००७ सालींच कपाशीच्या हिरव्या बोंडअळीवर हा प्रयोग केला होता. कपाशींतील गॉसिपॉल हें विष पचविणारें अळीचें जनुक त्यांनीं मुकें केलें, तेव्हां तें विष अळीला सोसेना. परंतु पतंगांच्या अळ्यांच्या पोटांत दुहेरी धागा लवकर तुटतो, म्हणून भुंगेऱ्यांवर जें साधलें तें येथें तितकें साधत नाहीं. आपल्या शेतांत तरी अशी कपाशी अद्याप आलेली नाहीं. मी त्याला तसेंच सांगितलें, आणि अमेरिकेंतल्या त्या मक्याच्या पिशवींतहि शेंकडा पांच दाणे साधे मिसळलेले असतात, हेंहि सांगितलें.

आतां आपल्याकडेहि कपाशीचें साधें बियाणें वेगळ्या पाकिटांत न देतां त्याच पिशवींत मिसळून देऊं लागले आहेत. गेल्या पेरणीच्या वेळीं पुतण्यानें पिशवी फोडून मूठभर सरकी माझ्यापुढें धरली आणि यांतली किडीची कोणती, म्हणून विचारलें. मीं चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिलें. मला कांहीं ओळखतां आली नाहीं.