कल, रोख आणि फोकस

नागपूरच्या उत्तरेस सौंसर व पांढुर्णा हा मराठी बोलणारा मुलूख आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्याबरोबर हा मुलूख, मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, हा तेथील जुना परिपाठ. या दोहोंमधल्या फटीतून इंग्रजी शब्द आत शिरतात.

मन कोणीकडे वळले आहे, हे सांगणारे शब्दच पाहावेत. ‘मुलीचा कल गणिताकडे आहे’ हे वाक्य पुण्यात कोणालाही अडत नाही. पण हिंदीची सवय झालेल्या कानाला ‘कल’ म्हणजे काल किंवा उद्या. ‘ओढा’ म्हणावे तर त्याला पांघरणे आठवते, आणि ‘रोख’ म्हणावे तर थांबवणे. मग बोलणारा ‘इंटरेस्ट’, ‘लाइन’, ‘फोकस’ यांचा आश्रय घेतो. त्याला आळशी ठरवणे अन्यायाचे होईल. दोन्ही भाषांच्या माणसांना एकदमच कळेल असा शब्द त्याला हवा असतो.

मात्र या सोयीत काही हरवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. भिरकावलेल्या दगडाला दिशा असते आणि हेतूही असतो. ‘रोख’ या एका शब्दात दोन्ही येतात. म्हणूनच आपण बोलण्याचाही रोख ओळखतो. (दरवर्षी तेथे माणसे जखमी होतात, हे या शब्दाच्या वजनात धरावेच लागते.) ‘डायरेक्शन’ने केवळ दिशा कळते.

‘इनक्लिनेशन’ची गोष्ट निराळी. त्याच्या मुळाशी झुकणेच आहे. भिंतीला कल येतो, दिवस कलतो, तसे मनही कलते. तेव्हा तो शब्द उसना आणण्याचे कारणच नाही. ‘ओरिएंटेड’च्या मुळाशी पूर्व दिशा आहे, आणि आपली देवळे पूर्वाभिमुख असतातच. ‘जॉब ओरिएंटेड’ शिक्षणाला ‘रोजगाराभिमुख’ म्हटले, तर ते सौंसरच्या मराठी घरात कळेल आणि हिंदी कचेरीतही, कारण ‘अभिमुख’ दोन्ही भाषांच्या मालकीचा आहे.

‘फोकस’ राहिला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल. १६०४ साली केप्लरने तो प्रकाशशास्त्रात आणला. कॅमेऱ्याला तो खुशाल असावा. अभ्यासाला बसलेल्या मुलाला मात्र ‘लक्ष दे’ एवढे पुरते.